मुठीतला रोल

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला सगळा बाजार स्क्रूबाई म्हणायचा. नाकावर माशी बसू द्यायची नाही, हे बाजाराला ठाऊक होतं. सिनेमावाल्यांना बिचाऱ्यांना कुठून ठाऊक असणार!

ते आले तिच्या दादाच्या कॅमेऱ्यासाठी. दादा युद्धाचे फोटो काढायचा, आणि युद्धातच गेला. आता त्याच्यावर सिनेमा निघत होता. स्क्रूबाईने कॅमेरा दिला, पण एका अटीवर: कॅमेरा जाईल तिथे मी येणार.

पहिल्याच दिवशी तिचं डोकं फिरलं. खोटी पडकी गल्ली, खोटा धूर, आणि दादा झालेला नट खटाखट फोटो काढतोय. ही आपली मोजतेय. चाळीस, पन्नास, साठ! अहो, रोलमध्ये फोटो मावतात छत्तीस. हा कॅमेरा होता की अक्षयपात्र? आणि शेवटी म्हणे दादा छाती पुढे काढून, डोळ्याला कॅमेरा लावूनच मरणार.

"असा नाही गेला तो," स्क्रूबाई उठली. "छत्तीस संपले, म्हणून भिंतीआड मान खाली घालून रोल बदलत होता. तेव्हा गेला."

दिग्दर्शक हसला. "ताई, रोल बदलताना कोण मरतं? लोक जांभया देतील."

"माझा भाऊ मेला. वीस सेकंद लागायचे त्याला. तेवढ्यात कोण जांभया देतं ते बघतेच मी."

"आम्हाला नका शिकवू. वीस वर्षं सिनेमे काढतोय."

"वीस वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्यात!"

तिने नटाच्या गळ्यातला कॅमेरा काढून पिशवीत घातला आणि पिशवी मांडीवर घेऊन गल्लीच्या मधोमध बसकण मारली. विनवून झालं, दरडावून झालं. बाई ढिम्म. भर उन्हात शंभर माणसं खोळंबली.

अखेर नटच तिच्याजवळ उकिडवा बसला. "ताई, दाखवा तरी कसा बदलायचा."

तिने दाखवलं. फिल्म उलटी गुंडाळायची, मागचं झाकण उघडायचं, रोल काढायचा, बाहेर राहिलेलं फिल्मचं टोक, म्हणजे जीभ, दाताने दुमडायची.

"दुमडली की कळतं, हा भरलाय. घाईत परत घातला तर फोटोवर फोटो चढतात, सगळंच मातीत. दादा भित्रा होता हो. हात थरथरायचे, पत्रात लिहायचा तसं. पण जीभ दुमडायला कधी विसरला नाही. त्या दिवशीही नाही. तो रोल मी धुतला. पाणी भरायला निघालेल्या बायकांचे फोटो होते. छत्तीसच्या छत्तीस आले."

नटाने कॅमेरा पुन्हा गळ्यात घातला. दिग्दर्शकाने हात टेकले.

शूटिंगचा कॅमेरा चालू झाला. नट भिंतीआड बसला, मान खाली घातली, रोल काढला, जीभ दुमडली. जांभई कसली, कोणी श्वाससुद्धा घेईना. धमाका झाला. नट कोसळला, हात उघडला आणि रोल मातीत पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दिग्दर्शकाने सगळ्यांत जोरात.

स्क्रूबाई मात्र तरातरा पुढे गेली. रोल उचलला, पदराने पुसला, नटाच्या हातात ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

"परत घ्या," ती दिग्दर्शकाला म्हणाली. "दादाची मूठ सुटली नव्हती. घरी आणल्यावर मी उघडली."