काकांना टीममधून काढण्याचा हिवाळा

शिकागोच्या उपनगरात आमची सॉफ्टबॉलची एक टीम होती आणि ती हरायची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची निराशा नको. ऐंशीच्या दशकातली ती वर्षं. दहा मराठी माणसं, त्यातले बहुतेक इंजिनियर, दोन डॉक्टर, एक नागपूरचा डेंटिस्ट, असे आम्ही उन्हाळ्यात दर गुरुवारी संध्याकाळी निळे टी-शर्ट घालून पार्क डिस्ट्रिक्टच्या सार्वजनिक मैदानावर जमायचो. समोर कधी फायर स्टेशनची टीम असे, कधी पिझ्झावाल्यांची, कधी चर्चची. सगळ्यांत जास्त मार आम्ही चर्चवाल्यांचा खाल्ला.

सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचा धाकटा भाऊ. पण शिकागोतली तऱ्हा निराळी. इथे चेंडू कोबीच्या लहान गड्ड्याएवढा, आणि हातात ग्लोव्ह घालायचा नाही. हे कळल्यावर आम्ही हुरळूनच गेलो. नुसत्या हातांनी कॅच घेण्यात आमचा हात कोण धरणार? आणि कॅच आम्ही खरंच घ्यायचो. घोळ व्हायचा तो बॅटिंगला. या खेळात चेंडू मारला की पळावंच लागतं, आणि आमची जन्माची सवय अशी, की चेंडू नीट अडवला की जागच्या जागी उभं राहायचं, बॅट टेकायची आणि स्वतःवर खूश होऊन मान हलवायची. तेवढ्यात समोरचे लोक पहिल्या बेसवर, म्हणजे आम्ही पळून पोचायचं त्या जागी, चेंडू फेकून मोकळे. एकदा अंपायरने मला विचारलं होतं, तुमची माणसं आउट झाल्यावर इतकी समाधानी का दिसतात?

आमचे पिचर होते काका. पिचर म्हणजे समोरच्या फलंदाजाला चेंडू टाकणारा. काका माझे सख्खे काका नव्हेत, त्या भागातल्या सगळ्याच मराठी माणसांचे काका. पुलांची डिझाइनं करायचे. वय पंचावन्नच्या आसपास, आमच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी मोठे. टीममधल्या निम्म्याअधिक लोकांना विमानतळावरून घरी आणलं होतं ते त्यांनीच. मी तर सहा आठवडे त्यांच्या बेसमेंटमध्ये राहिलो होतो. त्यांनी मला बँकेत खातं काढून दिलं, गाडी शिकवली, आणि पहिल्या थंडीत मी कुडकुडताना पाहून स्वतःचा ओव्हरकोट दिला, जो मला दोन मापं मोठा होत होता. त्या घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी जेवताना मी काकूंना म्हणालो होतो, "काकू, आमटीत मीठ कमी आहे," आणि बरणी ओढून घेतली होती. इतका मी त्या घरचा झालो होतो.

टीमची कल्पनाही काकांचीच. कॉलेजात असताना ते ऑफस्पिन टाकायचे, आणि त्या कोबीच्या गड्ड्यालाही ते स्पिन करायला बघायचे. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून हात फिरवून टाकतात. काकांनी टाकलेला चेंडू हवेत छान गिरकी घ्यायचा आणि फलंदाजापासून हातभर लांब पडायचा. असे चार चेंडू पडले की फलंदाज बॅट न हलवता पहिल्या बेसवर जातो. काकांनी तर अन्नछत्रच उघडलं होतं. त्या उन्हाळ्यात आम्ही एकही मॅच जिंकलो नाही.

मग हिवाळा आला. मैदानावर गुडघाभर बर्फ, पण पेपरात रोज शहरातल्या मोठ्या बेसबॉल टीमांची चर्चा: कुणाला घ्यावं, कुणाला देऊन टाकावं, कुणाचा खांदा गेला, कुणाला अजून एक वर्ष ठेवावं. ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी उभे राहून लोक तोंडानेच टीमची डागडुजी करत. मला हा प्रकार फार आवडला. खेळायचं नाही, हरायचं नाही, फक्त सुधारायचं. मी टीमचा कॅप्टन होतो, कारण माझी गाडी स्टेशन वॅगन होती आणि तिच्यात सगळं सामान मावायचं. मी ग्राफ पेपर काढला आणि आपल्या टीमचं काय करता येईल ते लिहायला बसलो. कसंही लिहिलं तरी बोट एकाच जागेवर येऊन थांबायचं.

आमच्या सगळ्या मीटिंगा काकांच्या बेसमेंटमध्ये व्हायच्या. ही तिथे घेणं शक्य नव्हतं. जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी सगळे माझ्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये जमले. दाराशी बुटांचा ढीग आणि बायकोने केलेले पोहे.

"ट्रेड करू या," डेंटिस्ट म्हणाला. "गुजराती टीमचा तो उंच फटकेबाज मागू. बदल्यात आपले दोन देऊ."

"आपले दोन कोण घेईल?"

"घेतील यार. त्यांच्या पिकनिकला खुर्च्या उचलायला माणसं कमी पडतात."

मग कोल्हापूरच्या रेडिऑलॉजिस्टचा विषय निघाला. हा नुकताच इथल्या हॉस्पिटलात आला होता. आदल्या आठवड्यात त्याने आमच्या पार्किंग लॉटमध्ये बर्फाचे गोळे करून, खालून हात फिरवून, दिव्याच्या खांबावर सहापैकी सहा मारून दाखवले होते. त्याला पिचर करायचं यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

"मग काका?" कुणीतरी म्हणालं.

सगळे पोह्यांवरचं खोबरं निवडून खायला लागले. तेवढ्यात फोन वाजला. काकाच होते.

"काय रे, घरीच आहेस? गलका कसला एवढा?"

"टीव्ही, काका."

"मराठीत?"

"नाटकाची कॅसेट लावलीय."

"बरं, बरं. चालू द्या," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. माझे कान तापले होते.

आता सांगायचं कुणी? आठ जणांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मी सांगणार नाही, मी त्यांचं मीठ खाल्लंय. तेव्हा डेंटिस्टला युक्ती सुचली. "आपल्याकडे काय करतात? सत्कार करतात. शाल, नारळ, चार शब्द, आणि मार्गदर्शक म्हणून नेमायचं. माणूस खुर्चीतून उठतो आणि त्याला उठवला असंही वाटत नाही."

आम्हाला हायसं वाटलं. माणसाला न दुखवता दूर करायची ही इतकी सोपी रीत आपल्याकडे असताना आपण उगाच जिवाला घोर लावून घेतला, असं मला खरोखर वाटलं. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "सरळ सांगा की त्यांना. काका आहेत ते, मंत्री नाहीत." तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानात जाऊन नारळ आणला. शाल बायकोच्या बॅगेतून निघाली, ती तिच्या आईने दिली होती. संक्रांतीचं हळदीकुंकू दर वर्षी काकूच करायच्या, त्यामुळे सत्कारही काकांच्याच बेसमेंटमध्ये ठरला. म्हणजे आम्ही काकांना त्यांच्याच घरात बोलावून, त्यांच्याच खुर्चीवर बसवून, त्यांचाच सत्कार केला. मी भाषण केलं. "प्रदीर्घ सेवा" म्हणालो, "अमूल्य योगदान" म्हणालो. ज्या माणसासमोर मी सहा आठवडे लुंगी लावून फिरलो होतो, त्याच्याविषयी मी हे बोलत होतो. "यापुढे मुख्य मार्गदर्शक" असं म्हटलं तेव्हा काकांनी माझ्याकडे पाहिलं. इथल्या महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी असताना त्यांनी स्वतः तीन अध्यक्षांचे असे सत्कार घडवून आणले होते, ही गोष्ट मला त्या क्षणी आठवली.

त्यांनी नारळ हातात घेतला, ऑफस्पिनला धरतात तशी बोटं त्याच्यावर ठेवली, आणि सगळे हसले. चाळीस मिनिटं बोलू शकणारा माणूस, पण त्या दिवशी "आभारी आहे" एवढंच म्हणाला आणि तिळगुळाचं ताट घेऊन वर गेला.

काकांचा फोन दर रविवारी सकाळी नऊला यायचा. पहिल्या रविवारी आला नाही. मी म्हटलं, पाहुणे असतील. दुसऱ्या रविवारी नाही, तिसऱ्याही नाही. मी नऊ वाजता फोनजवळच पेपर वाचत बसायचो आणि पेपरातलं काही डोक्यात शिरायचं नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. या देशात माझ्या नात्याचं कुणी नव्हतं. होते ते हेच, आणि त्यांना मी शाल घालून घालवलं होतं.

चौथ्या शनिवारी खूप बर्फ पडला, आणि तेच निमित्त करून मी गेलो. काका ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते. "दुसरं फावडं गॅरेजमध्ये आहे," एवढंच म्हणाले. मी गॅरेजमध्ये शिरलो. आतल्या भिंतीवर खडूने एक चौकोन काढलेला होता, फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत येईल एवढा. चौकोनाभोवती चेंडूचे डाग. आत थोडे, बाहेर पुष्कळ. खाली जमिनीवर अंतर मोजून रंगाची रेघ मारलेली. कोपऱ्यात दोन चेंडू होते, त्यातला एक टाके सुटेपर्यंत वापरलेला. म्हणजे आम्ही माझ्या घरी पोहे खात होतो तेव्हा काका इथे प्रॅक्टिस करत होते. मला फावडं सापडायला बराच वेळ लागला.

बर्फ काढून झाला. काकूंनी जेवायला हाक मारली. आमटी, भात, लिंबाचं लोणचं. आम्ही जेवू लागलो.

"आमटी कशी झालीय?" काकांनी विचारलं.

"छान झालीय."

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. "मीठ कमी आहे. माझ्या बीपीमुळे ही हल्ली कमीच घालते. तू या घरी आलास त्याच्या दुसऱ्या दिवशी मीठ मागितलं होतंस. आणि आज छान?"

मी भात कालवत राहिलो.

"सत्कार परक्यांचा करतात रे," काका म्हणाले. "घरच्या माणसाला सांगतात."

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं माझ्याकडे बघत होते, आणि मला त्या टेबलावर एकदम रडू यायला लागलं. तिशी ओलांडलेला माणूस, पुढ्यात आमटीभात आणि डोळ्यांत पाणी. काकूंनी मिठाची बरणी माझ्याकडे सरकवली.

मी भातावर मीठ घातलं आणि म्हणालो, "काका, तुमचं पिचिंग वाईट आहे."

"किती?"

"फार."

"चर्चवाल्यांच्या मॅचला?"

"त्या दिवशीचं तर विचारूच नका."

काकू ओट्यापाशी वळून हसायला लागल्या. "मी दोन वर्षं हेच सांगतेय यांना."

"तू सांगतेस ते वेगळं," काका म्हणाले, "कॅप्टनने सांगायला हवं ना?" मग त्यांनी पुन्हा घास उचलला. थोड्या वेळाने, ताटाकडे बघतच, म्हणाले, "नोव्हेंबरपासून रोज टाकतोय. सुधारतंय. पण पुरेसं नाही, हे मलाही कळतं. नवा मुलगा चांगला आहे का?"

"खांबावर सहापैकी सहा मारले."

"मग त्यालाच घ्या." त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मीही त्यांची समजूत घालायला गेलो नाही. आम्ही पोटभर जेवलो. पुढचा फोन दुसऱ्याच दिवशी नऊला आला, आणि काका ग्राफ पेपरवर काय लिहायचं ते मला सांगू लागले. मार्गदर्शक वगैरे नको, म्हणाले, मला पहिल्या बेसच्या बाजूला उभं कर. तिथे बॅटिंग करणाऱ्या टीमचा एक माणूस उभा राहू शकतो, आपण कधी कुणाला ठेवलंच नाही. तुम्ही चेंडू मारता आणि बघत बसता. कुणीतरी ओरडायला हवं.

मे महिन्याच्या शेवटी खेळ सुरू झाला. कोल्हापूरच्या डॉक्टरने चेंडू बरोबर चौकोनात टाकले. काका पहिल्या बेसपाशी, निळा टी-शर्ट पँटमध्ये खोचून, कमरेवर हात ठेवून उभे. पुलांच्या साइटवर वर्षानुवर्षं मजुरांना हाका मारलेला त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जायचा. त्या उन्हाळ्यात आम्ही तीन मॅच जिंकलो. तीन म्हणजे फार नाहीत, पण आम्ही त्यांच्यावर पुढची कित्येक वर्षं काढली.

त्यातली एक चर्चवाल्यांशी होती. शेवटची बॅटिंग माझी, एक रन हवा होता आणि आमचा माणूस तिसऱ्या बेसवर थांबला होता; मी पहिला बेस गाठला तरच त्याचा रन मोजला जाणार होता. चेंडू बॅटच्या अगदी मधोमध बसला आणि त्यांच्या दोन फील्डरांच्या मधून जमिनीलगत सुंदर निघाला. मी जन्माच्या सवयीने बॅट टेकली आणि त्याच्याकडे बघत उभा राहिलो.

"तिथे उभा राहून सत्कार करून घ्यायचाय का?" पहिल्या बेसपासून काका ओरडले. "पळ, गाढवा!"

मी बॅट टाकली आणि त्यांच्या दिशेने पळत सुटलो.