राहिलेला पट्टा

सोपानभावजी गेले, त्याच्या आदल्या दिवशी आमच्या ओट्यावर बसून चहा पिऊन गेले. ते माझे धाकटे दीर. बायको लवकर वारली, मुलगी मनीषा पुण्याला कंपनीत, म्हणून कितीतरी वर्षं त्यांचं दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडेच होतं. बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "वयनी, आता थोडंच राहिलंय." मी विचारलं, "कशाचं थोडं?" तर मिशीत हसले. "तुमाला काय करायच्यात चौकशा? साखर घाला आजून चमचाभर." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या छातीत कळ आली, गाडी करून नगरला नेलं, आणि दुपारी दवाखान्यातून आमच्या ह्यांचा फोन आला. नुसतं "सोपान..." म्हणाले आणि फोन ठेवून दिला. खरं सांगते, रडू यायच्याही आधी माझ्या मनात आलं ते हेच... थोडं राहिलं होतं ते काय? आणि कुठं?

असं मन असतं का हो कुणाचं? माझं होतं. आता दीड महिना झाला, म्हणून लिहायचं धाडस करतेय. मी चौथी शिकलेली. बाकीचं वाचन वाणसामानाच्या पुड्यांवरून आणि पेपरच्या अशाच पुरवण्यांवरून झालेलं, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

संशयाची गोष्ट जुनी आहे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, मिरजगावाजवळच्या आमच्या रानात ज्वारीची काढणी चालली होती. माझ्या गळ्यात आईनं घातलेली ठुशी होती. संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुताना गळ्याला हात गेला, तर गळा मोकळा. सगळ्यांनी रान पालथं घातलं, पण नाही सापडली. सासूबाई म्हणाल्या, "हरवली, का माहेरी धाडली?" ते बोलणं अजून माझ्या घशात अडकलेलं आहे. पण त्या दिवशी माझ्या शेजारच्या पाथीला, म्हणजे काढणीच्या ओळीला, होते सोपानभावजी, सोळा वर्षांचे. दुपारी भाकरी खाऊन ते एकदम दिसेनासे झाले आणि आठ दिवसांच्या आत त्यांच्या मनगटावर घड्याळ आलं. "मामानं दिलं," म्हणाले. मामा त्याच साली वारले, त्यांना विचारायचं राहिलं. मी कुणाला अवाक्षर बोलले नाही. पण तुरीच्या शेंगेत अळी असते ना, वरून शेंग साजरी आणि आत दाणा पोखरलेला, तसं चाळीस वर्षांवर चाललं. त्यांच्या बायकोचं बाळंतपण मी केलं, मनीषाला पायावर घेऊन न्हाऊ घातलं, त्यांना गरम भाकरी वाढली. आणि ते मनगटाकडं बघून "वयनी, साडेबारा झालं की" म्हणाले, की माझ्या मनात पुन्हा ज्वारीचं रान उभं राहायचं.

साखर कारखान्यात फिटर होते ते. रिटायर झाल्यावर एक गाय घेतली, चांगली दुभती. ती वर्षभरात गेली. डॉक्टरांनी सांगितलं, चाऱ्यातून तार पोटात गेली आणि आतून काळजाला लागली. भावजी दोन दिवस धड जेवले नाहीत. मग मनीषाला सांगून त्यांनी एक मशीन मागवलं. लांब दांडा, खाली ताटलीएवढी चकती, जमिनीवरून फिरवलं की धातूवर वाजतं. लोखंडाला जाड आवाज, पितळ-सोन्याला बारीक. गोठा, गव्हाण, कडब्याची गंज, सगळीकडं फिरवून त्यांनी डबाभर तारा आणि खिळे काढले. तिथवर ठीक होतं. पण गोठा झाल्यावर माणसानं रानात कशाला शिरावं? सकाळी सुतळ्या बांधून पट्टा आखायचे आणि त्यातून मुंगीच्या चालीनं चालायचे. विचारलं तर म्हणायचे, "नांगराचे फाळ तुटून राहत्यात वयनी, ट्रॅक्टरचा टायर फाटतो." मला पटलं नाही. गावाला तर मुळीच नाही. गुप्तधन! दुसरं काय?

त्यात तो डबा सापडला. शेरडं राखणाऱ्या एका बाईचं जोडवं टेकडीवर पडलं होतं, ते शोधायला भावजी मशीन घेऊन गेले. जोडवं राहिलं बाजूला, म्हसोबाच्या मागं दगडांच्या ढिगाऱ्यापाशी मशीन जे घुमायला लागलं ते थांबेना. निघाला एक हिरवा लोखंडी डबा. भावजी तो घेऊन सरळ आमच्या अंगणात, आणि मागं निम्मं गाव. मी ओरडले, "आधी उंबऱ्याच्या लांब ठेवा ते!" आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक वही, पेन्सिल, परदेशी नाणं, किल्ली नसलेली किचेन आणि एक रबरी पाल.

"करनी हाय ही," एकजण म्हणाला.

"कसली करनी? पवनचक्कीवाल्यांची खून आसंल. टेकडी जानार बघा."

पोलीस पाटलांनी हात न लावता काठीनं डबा ढोसला. "सोपानराव, आतलं सोनं आधीच काढून घेतलं आन् डबा तेवढा दाखवायला आनला, आसं तर न्हाई ना?"

"व्हय की पाटील," भावजी म्हणाले. "सोनं मी ठिवलं. पाल तुमच्या वाटनीची."

सगळे हसले, पण हसता हसता त्यांच्या खिशाकडंच बघत होते... मीसुद्धा.

वहीतलं इंग्रजी मनीषानं पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बघून वाचलं. म्हणाली, हा खेळ आहे. जगभर लोक असे डबे लपवून ठेवतात, जागा फोनवरच्या नकाशात टाकतात, दुसरे शोधत येतात. सापडला की वहीत नाव लिहायचं, वाटलं तर आतली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची आणि डबा होता तिथं परत. मी विचारलं, "बक्षीस काय?"

"काही नाही, मोठी आई."

"मग एवढ्या लांबून येऊन मिळतं काय?"

"सापडल्याचा आनंद."

हे ऐकून माझा संशय दुप्पट झाला. फुकटच्या आनंदासाठी उन्हातान्हात टेकडी चढणारा माणूस मी तरी बघितला नव्हता. भावजींनी मात्र वहीत नाव लिहून डबा जागच्या जागी ठेवला. पुढं जामखेडला एका पाहुण्यांच्या घरचं कानातलं शोधायला गेले, तर तिथल्या जुन्या बारवेच्या पायऱ्यांच्या फटीत तसलीच एक डबी सापडली. मला सांगताना पोरासारखे हरखले होते. मी मनात म्हटलं, बरं ह्यांनाच सापडतं सगळं.

मग ते आठवड्यातून एकदा टेकडीवर जायला लागले. "डबा जाग्यावर हाय का बघून येतो," म्हणायचे. एका सकाळी म्हसोबाला नैवेद्य दाखवायच्या निमित्तानं मीही गेले मागोमाग. तरवडाच्या झुडपाआडून बघते तर भावजी मांडी घालून बसलेले, वहीत बराच वेळ काहीतरी लिहीत होते. मग त्यांनी खिशातून चिंधीत बांधलेलं काहीतरी काढलं, डब्यात ठेवलं आणि वर दगड रचले. ठुशीच ती! इतकी वर्षं सांभाळली आणि आता म्हातारपणी घराबाहेर काढून ठेवतायत! ते उतरून गेल्यावर डबा माझ्यापासून दहा पावलांवर होता, पण उघडायची छाती झाली नाही. ठुशी निघाली असती तर दुपारी त्यांना ताट कुठल्या हातानं वाढायचं? मी तशीच खाली आले. जेवताना ते म्हणाले, "वयनी, आज बोलत न्हाई तुमी." मी म्हटलं, "जेवा. भाकरी गार होतीय." त्यानंतर महिनाभरातच ते गेले.

तेरावं झालं आणि मी मनीषाला म्हटलं, मला टेकडीवर घेऊन चल. गुडघे बोलत होते, तिच्या खांद्याला धरून चढले. डबा तिनं उघडला, चिंधी मी सोडली. आत बैलाच्या गळ्यातलं एक पितळी घुंगरू. माती खाऊन हिरवं पडलेलं.

मग तिनं वही वाचायला घेतली. बाहेरगावच्या लोकांच्या इंग्रजीत एकेक ओळी, आणि मधे मधे भावजींचं पेन्सिलीचं मोठं अक्षर, कारखान्याच्या रजिस्टरात लिहिल्यासारखं. 'सोपान. विहिरीकडचा पट्टा झाला. वयनीची ठुशी न्हाई.' 'सोपान. बांधाकडचा पट्टा. न्हाई.' 'लिंबाखाली बारीक आवाज आला. वाटलं घावली. घुंगरू निघालं. हितं ठेवतो.' घरात लिहिलं असतं तर मी वाचलं असतं, म्हणून माणूस टेकडी चढून येऊन परक्यांच्या वहीत लिहीत होता. शेवटची ओळ होती, 'गोठ्यामागचा एकच पट्टा राहिला. घावली तर वयनीच्या मनातलं जाईल.'

आणि मला वाटत होतं, मी झाकून ठेवलंय...

मनीषा म्हणाली, "मोठी आई, कुठली ठुशी?" तिला काय सांगणार? म्हसोबापुढं बसून सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "माझ्या अण्णांना एकदा विचारायचं तरी होतंस." आणि खोटं कशाला बोलू, उतरताना माझ्या मनानं पुन्हा फणा काढलाच, की घेणारासुद्धा शोधल्याचं नाटक करू शकतो. पण नाटकाला बघणारा लागतो. टेकडीवर म्हसोबाशिवाय होतं कोण? घड्याळ मामानंच दिलेलं असणार. सोळा वर्षांच्या पोराला मामानं घड्याळ द्यावं, यात न पटण्यासारखं होतं तरी काय?

मशीन आता गोठ्यातल्या खुंटीला आहे. दांड्यावर त्यांनी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, तिला त्यांच्या मुठीचे खळगे पडलेत. माझा हात लहान, त्यात बसत नाही. रोज सकाळी आमच्या जनावरांची धार काढायच्या आधी मी ते गव्हाणीवरून आणि कडब्यावरून फिरवते. परवा बोटभर तार निघाली. गोठ्यामागं त्यांनी बांधलेल्या सुतळ्या अजून तशाच आहेत. तो गोठा पुढं झाला, आधी तिथंही ज्वारीच असायची. मनीषा फोनवर विचारते, राहिलेला पट्टा बघितलास का? आमचे हेही म्हणतात, एकदा बघून टाक, मन मोकळं होईल. पण मी माझं मन ओळखते. ठुशी निघाली तर ते लगेच म्हणेल, बघ, आता भावजी निर्दोष. म्हणजे तोवर नव्हते का? आणि नाही निघाली, तर ते उद्यापासून दुसऱ्या कुणाचं तरी मनगट बघायला लागेल. भावजींवरचा विश्वास मला सोन्याच्या साक्षीनं नको आहे, फार उशिरा का होईना. म्हणून रोज सगळा गोठा फिरते, आणि त्या सुतळीपाशी आले की मशीनचं बटण बंद करते.