पानाची मागची बाजू

एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर शिंदेकाका माझ्याकडे चित्रकला शिकतात. परवा त्यांनी वही पुढे केली. पानभर वर्तुळं होती, पण एकही धड गोल नव्हतं.

"जमत नसेल तर स्पष्ट सांगा सर, सोडून देतो."

चुका दाखवायला मी लाल पेन्सिल उचलली. पान धरताना मागच्या बाजूला बोटं लागली. वरच्या वर्तुळांचे वळ उठले होते, इतकी पेन्सिल दाबलेली. खाली येता येता ते विरत गेले आणि शेवटच्या ओळीपाशी कागद गुळगुळीत लागला. गोल जमायच्या कितीतरी आधी या हाताने भीती सोडली होती. मी मात्र वर्षानुवर्षं पानाची एकच बाजू तपासत आलो.

पेन्सिल ठेवून मी काकांचं बोट पानाच्या मागच्या बाजूवर वरपासून खालपर्यंत फिरवलं.

ते हसले. "वर नुसते खड्डे, सर. खाली डांबरी लागली की!"