‘देते’ की ‘आहे’

लॉच्या पहिल्या वर्षाला मला सगळ्यात वैताग कशाचा आला असेल, तर एका जागी बसून एकच गोष्ट वाचण्याचा. घर रोह्याला, कॉलेज पनवेलला. गाडीत बसलं की मी मोबाइलवर कोर्टाचा एखादा निकाल उघडायचे आणि नागोठणं येईपर्यंत एकाचे पाच-सात झालेले असायचे, कारण प्रत्येक निकालात दुसऱ्याचा उल्लेख आणि दुसऱ्यात तिसऱ्याचा. एकही धड वाचून होत नसे आणि बंदही करवत नसे. मग मी नुसती पाय हलवत बसायचे. समोरच्या बाईंनी एकदा स्वतःची पिशवी उचलून मुकाट्याने पलीकडे ठेवली होती.

कायदेशीर लेखन शिकवणाऱ्या मॅडम माझ्या अगदी उलट. सावकाश बोलायच्या, सावकाश वाचायच्या, आम्ही कंटाळून मरायचो. त्यांचा आग्रह एकच होता, की पक्षकाराच्या विरुद्ध जाईल ते आधी शोधा, बाजूचं मग बघू. दुसऱ्या सत्रात त्यांनी मेमो लिहायला सांगितला. मेमो म्हणजे वकिलाने वकिलासाठी केलेलं टिपण: प्रश्न काय, कायदा काय, आणि आपल्या हकीकतीला तो लागू होतो का. हकीकत आपापल्या गावातली घ्यायची, नावं गाळून.

माझ्याकडे हकीकत तयारच होती आणि तिने माझं डोकं खाल्लं होतं. पेणला माझ्या आत्याचा गणपतींचा कारखाना आहे. तो आतल्या बाजूला, त्यामुळे मूर्तींचा टेम्पो रस्त्यावर यायचा तर शेजारच्या काकींच्या अंगणातूनच यावा लागतो. दुसरी वाट नाही. काकी आता थकल्यात, आणि त्यांच्या मुलाने ती जागा विकायचं मनावर घेतलं होतं. घेणारा माणूस बघायला आला आणि पहिलंच बोलला, की इथे कंपाउंडची भिंत येईल. भिंत आली की आत्याचे गणपती कारखान्यातच बसून राहणार आणि तिचा धंदाही. आत्या मला म्हणाली, तू वकील होतेयस ना, मग बघ. मला वकील व्हायला अजून बराच अवकाश आहे हे तिला कोण सांगणार?

मी शोधत सुटले. दुसऱ्याच्या जागेतून वर्षानुवर्षं, उघडपणे, हक्काने ये-जा केली की वहिवाटीचा हक्क तयार होतो, हे सापडलं तेव्हा मी आत्याला फोन लावायलाच निघाले होते. मॅडमची आठवण झाली म्हणून पुढे वाचलं. ती ये-जा परवानगी घेऊन केलेली असेल, तर हक्क तयार होत नाही. मी फोन बाजूला ठेवला. कारण हंगामातला पहिला टेम्पो निघायच्या आधी आत्या दरवर्षी काकींच्या हातात मानाचा नारळ देते आणि म्हणते, काकी, वाट द्या. आजोबांच्या वेळेपासूनचा हा रिवाज. म्हणजे चांगलं वागण्याच्या नादात आमच्या घराने दरवर्षी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

मेमोत मी तसंच ठोकून दिलं. नारळ म्हणजे परवानगीची मागणी, सबब हक्क नाही. ‘सबब’ लिहिताना तर मला फार भारी वाटलं होतं. मेमो परत आला तो समासात मॅडमच्या पेन्सिलीच्या एका ओळीसह: यावर नारळ घेणाऱ्या बाई काय म्हणतात? मी चिडले. मग लक्षात आलं, की मला ते खरंच माहीत नाही. ही गोष्ट मी घरी शंभर वेळा ऐकली होती, पण सांगणारा प्रत्येक जण आत्याच्या वाक्यावरच थांबायचा.

म्हणून पहिला टेम्पो निघायच्या दिवशी मी कॉलेज बुडवून पेणला उतरले. आत्याने काकींच्या हातात नारळ दिला आणि वाट मागितली.

“तुजीच वाट हाय गो,” काकी म्हणाल्या. “दर साली काय इचारतेस?”

आणि त्यांनी नारळ कपाळाला लावून देवापुढे ठेवला. मी टाळ्याच वाजवणार होते. ही परवानगी नव्हतीच, ही कबुली होती. पण अंगणात बोललेलं वाक्य भिंत बांधणाऱ्याला कुठून ऐकू जाणार? जागा अजून काकींच्याच नावावर होती, म्हणून मी सरळ विचारलं, हे लिहून द्याल का. आत्याने माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. काकींना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हणाल्या, लिव, मी वाट देते म्हणून, मी सही करते.

मी पायरीवर बसून ‘वाट देते’ असं लिहिलं आणि अडले. देते म्हणजे आजपासून, म्हणजे कालपर्यंत नव्हती. मी ते खोडून लिहिलं, की या अंगणातून कारखान्याची वाट पूर्वीपासून आहे आणि ती कारखानवाल्यांच्या हक्काची आहे. आत्या कानाशी पुटपुटली, ती देतेय तर घे ना. मी म्हटलं, दिलेलं परत घेता येतं. नोंदणीचं वगैरे पुढे आत्या एखाद्या वकिलाकडून करून घेणार होती, पण शब्द माझे होते, आणि त्या एका ओळीपुरता माझा पाय हलायचा थांबला होता. मला स्वतःचा अभिमान वाटला. मी काकींना मोठ्याने वाचून दाखवलं.

“यात देते कुटं हाय?” त्यांनी विचारलं.

मी समजावलं. देते लिहिलं तर उद्या कुणीही म्हणेल, तेव्हा दिली होती, आता नाही देत. वाट कुणाच्या देण्यावर नाही, ती पहिल्यापासून यांचीच आहे, असंच लिहायला हवं.

काकींनी कागद माझ्या हातातून घेतला.

“म्हंजी एवढी वर्सं मी दिलीच नाय?”

कागदाच्या हिशेबाने याचं उत्तर एकच होतं: नाही दिली. मी आत्याकडे बघितलं, तर ती जमिनीकडे बघत होती. काकींनी सही केली, सावकाश, पूर्ण नाव लिहून. मग आत गेल्या, देवापुढचा नारळ उचलून आणला आणि आत्याच्या हातात ठेवला.

“मंग ह्यो पन तुमचाच.”

टेम्पो अंगणातून रस्त्याला लागला. आत्या त्याच्या मागून चालत होती, दोन्ही हातांत नारळ धरून, आणि तो आता कुणाला द्यायचा हे तिने मला विचारलं.