मामाच्या मोठ्या टायरांची हवा

मामाला वेड लागलंय, अशी बातमी गल्लीभर पसरली होती. म्हणे, नीट उजाडायच्या आत तो ट्रकसमोर गुडघे टेकतो, टायरवर खडूने रेघा ओढतो आणि मग त्या रेघांकडे टक लावून बसतो. समोरच्या शिंपीणकाकूंनी तर आवाज पार घशात नेऊन सांगितलं, "पुटपुटतो गं काहीतरी. या कानांनी ऐकलंय."

गुडघे खरे, खडू खरा. पुटपुटणंही खरं, फक्त ते "आई गं, कंबर" असं होतं. आणि तो टक लावून बसत नव्हता. त्याला पटकन उठताच येत नव्हतं.

मामा काचा वाहतो. खिडक्यांच्या, दुकानांच्या, माणसापेक्षा उंच. ट्रकमध्ये त्या उभ्या लावायच्या आणि मध्ये जुन्या गाद्यांचे तुकडे कोंबायचे. गोदामाकडचा रस्ता उखडला, दर खेपेला ट्रकचं पोट दगडांना घासायला लागलं, म्हणून त्याने मोठे टायर बसवले. पोट वाचलं आणि काचांवर संक्रांत आली. पंक्चरवाला, ज्याला त्याच्या गालांमुळे सगळे फुग्या म्हणतात, त्याने टायरवर उमटवलेला आकडा वाचला आणि तेवढी हवा ठासून भरली. "दादा, टायरच सांगतोय किती ते. आपण मध्ये बोलणारे कोण?" तो आकडा म्हणजे टायर जास्तीत जास्त किती सोसेल ते, हे ना फुग्याच्या डोक्यात आलं, ना मामाच्या. टायर लाकडासारखे कडक झाले. पहिल्या खेपेला एक काच कोपऱ्यात तडकली, दुसऱ्या खेपेला आणखी एक.

काचवाले काका रागावत नाहीत, तोच तर त्रास आहे. ते नाकातून गोड बोलतात; त्यांची नक्कल मला झकास जमते. "राग नाही हं माझा. तुम्ही घरच्यासारखे. पण आता एक जरी फुटली ना, तर मी दुसरी गाडी बघेन. राग मात्र नाही." मामाला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. नवं शोधायचं वय होतं, पण त्राण नव्हतं.

"जुनेच टायर बरे होते," मामी भाकरी थापता थापता म्हणाली. "तुमच्यासारखे झिजलेले, पण गप्प."

"हं," मामा म्हणाला. हल्ली तो तेवढंच म्हणायचा.

किती हवा भरायची ते सांगणारी पट्टी ट्रकच्या दारावर होती, पण तिच्यावरचा आकडा जुन्या टायरांचा. तेव्हा त्याने खडू काढला. टायरवर आडवी रेघ ओढायची, सपाट रस्त्यावर थोडं जाऊन यायचं, उतरून बघायचं. मधलाच भाग पुसला गेला तर हवा जास्त, कडा पुसल्या तर कमी, सगळी रेघ सारखी पुसली तर जमलं. थोडी हवा सोडायची, पुन्हा रेघ, पुन्हा फेरी. टायर गार असतानाच हवा मोजायची म्हणून सगळा खटाटोप पहाटे. शेवटी रेघ अगदी सारखी पुसली गेली. मामा मामीला न उठवता स्वतः चहा करून प्यायला, म्हणजे केवढा आनंद बघा.

पण काचा भरायच्या आधी त्याने चाकांकडे पाहिलं आणि तिथेच पायरीवर बसला. हे सगळं त्याने रिकाम्या ट्रकवर केलं होतं! काचांचं वजन आल्यावर मागचे टायर पार बसले असते, तापले असते.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"रेती भरणार."

काचांच्या वजनाइतकी रेतीची पोती त्याने एकट्याने चढवली. हमाल सांगा, म्हणून मामी ओरडली. "तो रेतीचं वजन विचारेल, मग कारण विचारेल, मग हसेल," मामा म्हणाला आणि पुढचं पोतं उचललं. पुन्हा रेघा. मागे हवा वाढवावी लागली, पुढची जवळपास तशीच राहिली. थोडं लांब जाऊन आला की तो प्रत्येक टायरला हात लावायचा, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. फुग्याला दोन्ही आकडे सांगितले तर त्याचे गाल आणखी फुगले. "पुढे वेगळी, मागे वेगळी? दादा, ट्रक एकच आहे ना?"

खेपेच्या आदल्या संध्याकाळी मामा पाय पसरून भिंतीला टेकला होता. डोळे मिटलेले. निदान चिडून तरी बोलेल म्हणून मी म्हटलं, "पैज लाव. एक तरी काच फुटणार."

त्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत. "लाव. हरलीस तर दिवसभर कुणाची नक्कल करायची नाही. स्वतःच्या आवाजात बोलायचं."

दुसऱ्या दिवशी मीही ट्रकमधून गेले. काचा उतरवल्यावर काचवाल्या काकांनी एकेक काच टिचकी मारून पाहिली, कडांवरून बोट फिरवलं, मग खाली वाकून पुन्हा कडा पाहिल्या. काहीच सापडेना, तेव्हा त्यांचा चेहरा जरा उतरलाच. "परवाची खेप आहे," ते म्हणाले. "वेळेवर या."

घरी आल्यावर मामा चपला न काढताच आडवा झाला. कसं झालं, म्हणून मामीने विचारलं.

"सगळ्या पोचल्या," तो म्हणाला, आणि घोरायला लागला.

मामीने हळूच त्याच्या चपला काढल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका काय म्हणाले गं? करून दाखव ना."

"म्हणाले, परवा या," मी म्हटलं. माझ्याच आवाजात. इतका बेचव आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.