सेयोंगच्या पाण्यातला धूर

सान फेर्नांदो शहरात नाताळच्या कंदिलांचं काम ऑगस्टात सुरू होतं आणि नाताळ उलटला की बंद पडतं. मधले महिने एलिसेओ गिंतूला, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांच्या कोया सेयोंगला, सेयोंगदादाला, खायला उठत. कुणाचं फाटक रंगव, कुणाचा पंखा उघडून बघ, असं करत तो पावसाळ्याची वाट बघायचा. पन्नाशीला आलेला माणूस, हाताला चैन नाही.

अशाच एका फेब्रुवारीत बसस्थानकामागच्या कॉम्प्युटर दुकानाची मालकीण नेरिसा सुंगा त्याच्या कामाच्या छपरात आली आणि एक रिकामं कॅबिनेट टेबलावर ठेवून म्हणाली, "कोया, याला तुमच्या कंदिलाचं रूप द्या. शिंपल्याच्या पाकळ्या, आतून दिवे. आणि पाण्याच्या नळ्या पाकळ्यांच्या रेघांवरून फिरल्या पाहिजेत."

"पाण्याच्या?"

"हो."

"विजेच्या डब्यात पाणी?"

"थंड ठेवायला हो. आतला प्रोसेसर फार तापतो."

"मग पंखा लाव की. माझ्याकडे एक पडलाय, दुरुस्त करून देतो."

नेरिसा हसत सुटली. सेयोंग हसला नाही, कारण त्यानं विनोद केलाच नव्हता. जन्मभर त्यानं विजेपासून पाणी लांब ठेवलं होतं. मिरवणुकीतला मोठा कंदील पावसात भिजला की त्याच्या बापाचा जीव टांगणीला लागायचा. आणि ही बाई म्हणत होती, पाणी आतूनच खेळव.

पण काम ते काम. त्यानं हीट गन घेतली, ॲक्रिलिकच्या नळ्या आणल्या. पहिली नळी जळाली, दुसरी वाकताना चपटी झाली. आत रबरी दोरी सारून वाकवायची हे नेरिसानं दाखवलं, तेव्हा कुठे वळण गोल यायला लागलं. महिन्याभरात त्याचा हात असा बसला की नळी कंदिलाच्या तारेसारखी ऐकू लागली. यंत्राचं मात्र काही केल्या डोक्यात शिरेना.

"हा डबा करतो तरी काय?" बायको मिनांगनं एकदा विचारलं.

"तापतो."

"आणि?"

"आणि मग आपण त्याला थंड करायचं. तुझ्या भावासारखं."

तिचा भाऊ तोरिंग शेजारच्याच छपरात कंदील करायचा. डोक्यानं गरम, मनानं बरा. भिंतीपलीकडून त्यानं हे ऐकलं आणि दोन दिवस बोलला नाही.

मे महिन्यात मॉलमध्ये असल्या सजवलेल्या कॉम्प्युटरांचं प्रदर्शन भरणार होतं, बक्षिसांसकट. नेरिसानं त्यासाठी मोठं काम काढलं. अख्खं यंत्रच कंदिलाच्या आकाराचं, मध्ये पाण्याची गोल टाकी, तिच्याभोवती कापिस नावाच्या काचेसारख्या शिंपल्याच्या पातळ पाकळ्या. सगळं जमलं, पाणी भरलं, गळती तपासली. आणि ऐनवेळी टाकीवरची एक पाकळी तडकली. सेयोंगनं नवी पाकळी कापली, जागेवरच कानस मारून बसवली, टाकीचं झाकण घट्ट केलं आणि यंत्र टेम्पोत चढवलं.

मॉलमध्ये नेरिसानं बटण दाबलं. पंप घुरघुरला, लाल दिवे लागले, आणि सेयोंग दचकून पुढे झाला. बॅटरीत घालतात तसलं नितळ पाणी भरलं होतं त्यानं. आता त्या पाण्यात चंदेरी धूर फिरत होता. वळणावर गुंडाळत होता, सरळ नळीत लांबत होता, टाकीत येऊन भोवऱ्यासारखा उमलत होता.

"खराब झालं," तो कुजबुजला. "बंद कर, बंद कर."

"कोया! हात लावाल तर याद राखा!" नेरिसाचे डोळे विस्फारले होते. "हे कधी केलंत? मला सांगायचं तरी!"

"मी काय केलं?"

तोवर गर्दी जमली होती. तीन परीक्षकांपैकी टक्कल पडलेले गृहस्थ बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "ही कल्पना सुचली कशी?"

"सुचली नाही साहेब. झालं आपोआप."

ते गृहस्थ इतर दोघांकडे वळले. "ऐकलंत? म्हणे, आपोआप झालं! खरा कलावंत असाच बोलतो."

पहिलं बक्षीस मिळालं. जवळच्या आंगेलेस शहरातल्या माकापिनलाक नावाच्या दाताच्या डॉक्टरांनी यंत्र जागच्या जागी विकत घेतलं. सेयोंगच्या गळ्यात हार पडला, फोटो निघाले, आणि त्या प्रत्येक फोटोत तो कुणातरी दुसऱ्याच्याच लग्नात ओढून आणल्यासारखा दिसत होता.

मग ऑर्डरी आल्या. सगळ्यांना धूर हवा होता. सेयोंग सांगायचा, "मला येत नाही तो," आणि लोक डोळा मारायचे. त्यानं करून बघितलं नाही असं नाही. चंदेरी रंग घातला, त्याच्या गुठळ्या झाल्या. साबण घातला, टाकीतून फेस बाहेर आला. मिनांगच्या सल्ल्यानं तांदळाचं धुवण घातलं, तर तीन दिवसांनी छपरात उभं राहवेना.

तोरिंग सिसिगची, म्हणजे डुकराच्या चुरचुरीत मांसाची, परातीएवढी बशी आणि गार बिअर घेऊन आला. दोन बाटल्या होईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग म्हणाला, "सांग आता. मी काय परका आहे?"

"खरंच मला माहीत नाही रे तोरिंग."

"आपल्या गल्लीत कंदिलाची नक्षी कुणी कुणापासून लपवली नाही. तुला पाणी लपवायची अवदसा आठवली!"

"अरे, लपवायला आधी ते सापडायला तर पाहिजे!"

तोरिंग उरलेलं सिसिग उचलून घेऊन गेला. सेयोंगला वाटू लागलं, आपण खरंच काहीतरी केलं असेल आणि विसरलो असू. रात्री अंथरुणात उघड्या डोळ्यांनी त्यानं त्या दिवसाची उजळणी केली. पाणी, नळ्या, दिवे. कुठेच धूर नव्हता.

शेवटी डॉक्टरांचा निरोप आला. यंत्र आपोआप बंद पडतंय आणि धूरही विरळ झालाय. सेयोंग आणि नेरिसा जीपनीत बसून आंगेलेसला गेले. नेरिसानं प्रोसेसरवरचा तांब्याचा ठोकळा खोलला. आतल्या केसाएवढ्या खाचा पांढऱ्या चिखलानं गच्च भरल्या होत्या. सेयोंगनं तो बोटांत चोळला, जिभेला लावला.

"शिंपला," तो म्हणाला.

"काय?"

"ती पाकळी. मी टाकीवरच घासली ना! भुगा आत पडला." त्याला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली. बक्षीस मिळालं होतं ते त्याच्या अजागळपणाला.

दोघांनी सगळं धुऊन काढलं, नितळ पाणी भरलं. यंत्र झकास चालू झालं. डॉक्टर एका पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून यंत्राजवळ आले आणि त्यांचा चेहरा पडला.

"धूर कुठाय?"

"काढला, डॉक्टर. त्यानंच यंत्र मरत होतं."

"मग मरू दे की थोडं! मला धूर हवाय. माणसं खुर्चीत आडवी पडून त्याच्याकडे बघत राहतात, म्हणून ओरडत नाहीत. कामाला आत दुसरा कॉम्प्युटर आहे माझा."

सेयोंगनं खुर्चीकडे बघितलं. गालात कापूस कोंबलेली एक म्हातारी त्या नितळ पाण्याकडे मोठ्या नाराजीनं बघत होती.

"म्हणजे याचं काम नुसतं दिसायचं?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग आत कॉम्प्युटर कशाला?"

डॉक्टरांनी यंत्राकडे बघितलं. "कॉम्प्युटर नसला तर लोक म्हणतील, नुसता दिवा आहे."

सेयोंगनं नेरिसाकडे बघितलं. तिनं खांदे उडवले. त्या दवाखान्यात कुणालाच काही कळत नव्हतं, हे बघून त्याला जरा धीर आला. मग त्यानं डोकं चालवलं. नितळ पाणी पाकळ्यांमागून लपवून फिरवलं, ते यंत्रासाठी. पुढच्या नळ्यांना नेरिसाच्या पिशवीतला छोटा पंप वेगळा जोडला आणि धुऊन काढलेल्यातलाच चिमूटभर भुगा त्यात सोडला. ते पाणी कशालाच थंड करत नव्हतं. म्हातारी समाधानानं मागे टेकली.

घरी आल्यावर तो आधी तोरिंगकडे गेला. "शिंपल्याचा भुगा. एवढंच आहे."

"त्या दिवशी म्हणालास माहीत नाही. आज म्हणतोस भुगा. मला काय खुळा समजलास?"

"तुझ्याच टेबलाखाली ढीग पडलाय, बघ." सेयोंगनं तिथला चिमूटभर भुगा उचलला, चाळला आणि तोरिंगच्या पाण्याच्या ग्लासात ढवळला. धूर उमलला.

तोरिंग ग्लासाकडे बघत राहिला. "एवढंच?" तो म्हणाला, आणि पहिल्यापेक्षा जास्त रुसला.

आता हा रुसवा कशाचा, हे सेयोंगला उमजलं नाही. मिनांग म्हणाली, "त्याला काहीतरी मोठं हवं होतं रे." मोठं म्हणजे काय, ते तिलाही सांगता आलं नाही.

आठवड्याभरानं तोरिंग आपली कानस घेऊन आला आणि थेट पाकळ्या कापायला बसला. तेव्हापासून पाकळ्या त्याच्या आणि नळ्या सेयोंगच्या. प्रत्येक डब्यात दोन तऱ्हेचं पाणी असतं, एक कामाचं आणि एक बघायचं. गिऱ्हाईक बघायच्या पाण्यासाठी पैसे मोजतं. डबा पुरा झाला की दोघं मेव्हणे त्याच्यासमोर उभे राहतात आणि बटण कुठलं दाबायचं ते विचारायला नेरिसाला फोन लावतात.