चालू ठेवलेली जीप

बातमीच्या कामासाठी मी महिनाभर पाथर्डीहून नगरला एका जुन्या जीपने जात होतो. चालकाचं नाव विचारायचं राहून गेलं. साठीचा माणूस, खांद्यावर टॉवेल, बोलताना तळहात बॉनेटवर.

जीप डिझेल भरपूर पिई. तरीही फाट्यावर प्रवाशांची वाट पाहताना तो इंजिन बंद करत नसे. स्टार्टर बिघडला असेल, असं मी धरून चाललो होतो. एके सकाळी विचारलंच.

"स्टार्टर झकास हाय. पन आवाज थांबला की वस्तीवरची मानसं वाटंतनंच माघारी फिरत्यात. जीप गेली म्हनत्यात."

"मग हॉर्न वाजवा."

"हॉर्न वरातीची गाडीबी वाजवती, साहेब."

मागच्या सीटवरची म्हातारी हसली. "ह्या आवाजावरच मी चूल इझवून निघते."

चालकाने बॉनेटवरून हात काढला आणि आपली अडचण सांगितली. संगमनेरचा एकजण जीप विकत मागत होता. ती विकून चांगल्या मायलेजची नवी गाडी घ्या, असा चालकाच्या मुलाचा आग्रह होता. संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"नवी गाडी ऐकूच येत न्हाई, मानसं कशी येतील? आन ही ठिवली तर डिझेलमधीच बुडतो. तुमी लिवनारी मानसं. सांगा, इकू का ठिवू?"

मी दोन्ही बाजू मनात मांडल्या. दोन्ही सारख्याच वजनाच्या निघाल्या. त्याने तळहात पुन्हा बॉनेटवर ठेवला. एवढा वेळ जीप चालूच होती, आणि दूरच्या बांधावरून कुणीतरी पिशवी सावरत, अजिबात घाई न करता येत होतं.